एका जबड्याची वंशावळ

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून माणसांचे थवेच्या थवे पायी खुलताबादला निघतात. पंचवीसेक किलोमीटरची वाट. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो, मग घाट, आणि उजाडता उजाडता भद्रा मारुतीची रांग. गावोगावच्या पारावर आणि वेशीत मारुती उभा असतो. इथला मारुती मात्र शेंदूर लेऊन शयनमुद्रेत आडवा झालेला आहे. कथा अशी सांगतात, की हे गाव एकेकाळी भद्रावती नगरी होतं. इथला राजा भद्रसेन मोठा रामभक्त. त्याची रामाची भजनं ऐकता ऐकता हनुमंताची भावसमाधी लागली आणि तो तिथेच पहुडला. हनुमंत जागा झाल्यावर राजाने वर मागितला, की देवा, आता इथेच राहा.

या देवाला आपण मारुती म्हणतो, बजरंगबली म्हणतो, अंजनीसुत म्हणतो. पण 'हनुमान' या नावात माणसाच्या शरीराचा एक अवयव आहे, आणि त्याच अवयवाच्या नावाचा एक भाऊबंद इंग्रजी शरीरशास्त्राच्या पुस्तकात 'चिन' या रूपात बसला आहे. दोघांचं तोंडावळ्याने काही जुळत नाही. तरी ते सख्खे आहेत, आणि हे नातं सिद्ध करता येतं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात नावापासून करू. वाल्मीकी रामायणाच्या किष्किंधाकांडात, समुद्र ओलांडायचा कुणी हा प्रश्न पडतो, तेव्हा जांबवान हनुमंताला त्याच्याच जन्माची गोष्ट ऐकवतो. बाळ हनुमंताने उगवता सूर्य फळ समजून आकाशात झेप घेतली. इंद्राने वज्र हाणलं. पोर डोंगराच्या शिखरावर पडलं आणि त्याची डावी 'हनु' मोडली. म्हणून नाव हनुमान. व्याकरण मात्र मोडण्याबद्दल काहीच बोलत नाही. बुद्धी आहे तो बुद्धिमान, शक्ती आहे तो शक्तिमान, तसा हनु आहे तो हनुमान. हनु तर सगळ्यांनाच असते. पण संस्कृत वैयाकरण सांगतात, की हा प्रत्यय नुसतं 'असणं' दाखवत नाही. विपुलता दाखवतो, स्तुतीही दाखवतो. श्रीमान म्हणजे भरपूर श्री असलेला. त्या हिशेबाने हनुमान म्हणजे ज्याची हनु नजरेत भरावी असा.

ही हनु नेमकी कुठे असते? अमरकोशात चेहऱ्याचे अवयव ओळीने येतात. ओठांखाली चिबुक, मग गाल, आणि गालांच्याही पलीकडे हनु. म्हणजे संस्कृतात चेहऱ्याच्या खालच्या टोकाला नाव होतं चिबुक, आणि हनु म्हणजे जबडा. आयुर्वेदही हेच सांगतो. जबडा आखडला की हनुग्रह. जबडा सांध्यातून निसटला की सुश्रुतांच्या भाषेत हनुमोक्ष. हाडांची मोजदाद करताना चरकसंहिता शरीरातली हाडं ३६० मोजते, सुश्रुतसंहिता ३००, आणि या एका हाडापाशीही दोघींचा आकडा वेगळा आहे. चरकसंहिता हनूचं हाड एक धरते आणि तिच्या मुळाशी दोन बंधनं वेगळी मोजते. सुश्रुतसंहिता हनूची हाडं दोन सांगते. आजचं शरीरशास्त्र म्हणतं, की तान्ह्या बाळाचा खालचा जबडा खरोखरच दोन अर्ध्यांचा असतो, आणि पहिल्या वर्षात ते अर्धे मध्यरेषेवर सांधले जाऊन एक हाड होतं. तुमच्या माझ्या जबड्याच्या मध्यावर हा जुना सांधा मुरून गेलेला आहे.

चरकांचं 'हनुमूल' बोटाने तपासून बघता येतं. दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. आधी बोटाखाली काहीतरी वळल्यासारखं वाटतं. मग तोंड आणखी उघडलं की तेच टोक पुढे सरकतं आणि मागे एक खळगा पडतो. आधी फिरणं, मग घसरणं, अशा दोन्ही हालचाली करणारा हा सांधा शरीरातल्या विलक्षण सांध्यांपैकी आहे. बोलताना, चावताना, जांभई देताना तो दिवसभर राबतो.

मराठीत आल्यावर या शब्दाची जागा हलली. जबड्याला आपण जबडा म्हणू लागलो आणि हनु पुढे सरकून चेहऱ्याच्या टोकावर येऊन थांबली: हनुवटी. खुलताबादच्या रांगेतल्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर त्या देवाच्या नावाचं पहिलं अक्षर असं कोरलेलं आहे.

आता इंग्रजी 'चिन'कडे वळू. अर्थ हनुवटी. हनु आणि चिन यांत सारखं काय? शेवटी एक 'न', बस्स. ऐकणारा म्हणेल, ही ओढाताण झाली. त्याची शंका रास्त आहे, कारण नुसत्या साम्यावर शब्दांची नाती जोडणारे पुष्कळ आहेत आणि ते बहुतेक वेळा चुकतात. बदनाम, बदफैली या शब्दांत फारसी 'बद' आहे, अर्थ वाईट. इंग्रजी 'बॅड'चाही अर्थ वाईट. उच्चार सारखा, अर्थ सारखा, आणि नातं शून्य. हा 'बद' थोडा मागे नेला की मध्ययुगीन फारसीत 'वद' होतो आणि साम्य विरून जातं.

याच्या उलटही घडतं. हृदय आणि हार्ट हे खरेखुरे नातेवाईक आहेत. दोन्हींच्या तोंडी 'ह' दिसतो, म्हणून आपल्याला ते नातं उघड वाटतं. पण तो 'ह' पुरावा म्हणून कुचकामी आहे. इंग्रजीतला 'ह' जुन्या 'क'मधून आला. तो 'क' ग्रीक 'कार्डिया'त आणि म्हणून डॉक्टरांच्या कार्डिओग्राममध्ये अजून ऐकू येतो. संस्कृतात त्या जागी नियमाने 'श' यायला हवा होता, आणि तो 'श्रद्धा' या शब्दाच्या 'श्रद्'मध्ये आलेलाही आहे. हृदयातला 'ह' वेगळ्याच वाटेने आला. नातं खरं, साम्य योगायोगाचं.

म्हणजे शब्दांचं नातं साम्यावरून ठरत नाही. ते ठरतं फरकावरून. फरक मात्र शिस्तीचा हवा. एका भाषेत जिथे जिथे एक ध्वनी आहे, तिथे तिथे दुसऱ्या भाषेत ठरावीक दुसरा ध्वनी सापडला पाहिजे. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम यांनी १८२२ साली जर्मन कुळातल्या भाषांसाठी ही शिस्त मांडली. त्याआधी १८१८ मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनी ती हेरली होती. त्या शिस्तीतला एक भाग असा: मूळचा 'द' इंग्रजीत 'ट' होतो आणि मूळचा 'ग' इंग्रजीत 'क' होतो.

'द'चं बघा. द्वि, टू. दश, टेन. दंत, टूथ. आकड्यांपासून दातांपर्यंत एकच नियम.

आता 'ग'. लॅटिनमध्ये तो जसाच्या तसा राहिला, म्हणून लॅटिन शेजारी ठेवू. गुडघ्याला लॅटिनमध्ये 'गेनु', इंग्रजीत 'नी'. या 'नी'च्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक मुका 'क' आहे. तो शोभेचा नाही; इंग्रज लोक काही शतकांपूर्वीपर्यंत तो 'क्नी' असा उच्चारत होते. कुळाला लॅटिनमध्ये 'गेनुस', इंग्रजीत 'किन'. जाणण्यासाठी लॅटिन आणि ग्रीकमध्ये 'ग्नो', इंग्रजीत 'नो', पुन्हा मुक्या 'क'सकट. आणि लॅटिनमध्ये गालाला 'गेना', ग्रीकमध्ये जबड्याला 'गेनुस', तर जर्मनमध्ये हनुवटीला 'किन'. जुन्या इंग्रजीतही हा शब्द 'किन'च होता.

मग 'किन'चा 'चिन' कसा झाला? त्याचं उत्तर प्रत्येक मराठी माणसाच्या जिभेवर आहे. 'माझा' म्हणून बघा आणि लगेच 'माझी' म्हणून बघा. लिहिताना एकच 'झ', पण 'माझा'मध्ये जीभ दातांशी आहे आणि 'माझी'मध्ये ती वर टाळूला टेकली आहे. 'काच' आणि 'काचेचा' यांतही तेच. पुढे 'इ' किंवा 'ए' आला, की जीभ त्या स्वराच्या तयारीत टाळूकडे जाते आणि आधीच्या व्यंजनाला सोबत ओढून नेते. शाळेत हा नियम कुणी शिकवत नाही, पण चार वर्षांचं मूलही त्यात चुकत नाही. जुन्या इंग्रजीत 'क'च्या पुढे 'इ' आणि 'ए' आले, तेव्हा जीभ अशीच टाळूकडे सरकली आणि 'क'चा 'च' झाला. म्हणून जर्मन 'केझं', इंग्रजी 'चीज'. जर्मन 'किर्शं', इंग्रजी 'चर्च'. जर्मन 'किन', इंग्रजी 'चिन'.

इथे चाणाक्ष वाचक अडवेल: मग कुळ या अर्थाचा 'किन' तसाच का राहिला? त्याचाही 'चिन' व्हायला हवा होता. उत्तर फार सुंदर आहे. त्या शब्दात तेव्हा 'इ' नव्हताच. मूळचा 'उ' होता, तो ओठ गोल ठेवून उच्चारायच्या मधल्या स्वरापर्यंत आला होता, आणि त्याचा 'इ' झाला तो पुष्कळ नंतर. तोवर 'क'चा 'च' करणारी लाट ओसरली होती. आज एकसारखे ऐकू येणारे दोन स्वर हजार वर्षांपूर्वी वेगळे होते, याची साक्ष शेजारचं व्यंजन देतं. नियमाला अपवाद वाटतो तिथे खोलात गेलं, की दुसरा नियम हाती लागतो.

उच्चार बदलण्याचा एक नमुना खुद्द खुलताबादच्या पाटीवर आहे. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, वारला आणि त्याला इथे आणून दफन केलं. मृत्यूनंतर त्याला 'खुल्दमकान' म्हणू लागले. खुल्द म्हणजे चिरंतन स्वर्गलोक. त्यावरून आधी रौजा म्हणून ओळखलं जाणारं हे गाव खुल्दाबाद झालं. मराठी तोंडात त्याचं खुलताबाद झालं. इथेही 'द'चा 'त' झाला. पण हा ग्रिमचा नियम नव्हे, कारण दौलताबाद आणि औरंगाबाद यांतला 'द' मराठीने हलवला नाही, आणि खुलताबादच्या शेवटचा 'द'ही जागेवर आहे. बदल एकाच ठिकाणी झाला. 'खुल्द' मराठीत कुणाच्या बोलण्यात नाही. 'खुलता' मात्र रोजचा शब्द आहे. खुलता रंग, खुलता चेहरा. अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दाकडे झुकला, असं मला वाटतं. भाषेत बदलाच्या अशा दोन रीती आहेत. एक नियमाची, ती हजारो शब्दांना एकदम वाकवते. दुसरी माणसांच्या मनाची. ती एकेका शब्दाला त्याच्या अर्थापायी वाकवते. या दोन्ही रीती 'हनु'मध्ये एकत्र भेटतात.

मघाची लॅटिन ओळ पुन्हा घेऊ आणि शेजारी संस्कृत मांडू. गेनु, गेनुस, ग्नो. गुडघा, कुळ, जाणणं. संस्कृतात जानु, जन, ज्ञा. ('जानु' आपल्याकडे 'आजानुबाहू'त शिल्लक आहे, गुडघ्यापर्यंत हात पोचणारा.) तिन्ही ठिकाणी लॅटिन 'ग'ला संस्कृत 'ज' उत्तर देतो. मग लॅटिन 'गेना' आणि ग्रीक 'गेनुस' यांना संस्कृतात काय हवं? 'जनु'. प्रत्यक्षात आहे 'हनु'. सगळी रांग सरळ आणि एकच शब्द ओळ सोडून उभा.

असे आणखी काही शब्द आहेत. 'मी'साठी ग्रीक आणि लॅटिनमध्ये 'एगो', संस्कृतात 'अहम्'. मोठं म्हणजे ग्रीकमध्ये 'मेगा', संस्कृतात 'महत्'. या दोन शब्दांत 'ग'च्या मागोमाग हकारासारखा एक ध्वनी होता, तो पुढे सगळीकडून नाहीसा झाला, पण जाता जाता त्याने संस्कृतातल्या व्यंजनात 'ह'कार सोडला, असं अभ्यासक सांगतात. हनूलाही हेच लागू करणारे आहेत. पण हनूसाठी दुसरं एक स्पष्टीकरण फार पूर्वीपासून दिलं जातं, आणि मला ते थक्क करतं. 'हन्' म्हणजे मारणं, हाणणं. हनन, हत्या, वृत्रहा हे शब्द त्यातले. 'जनु'सारखा शब्द या 'हन्'च्या ओढीने 'हनु' झाला असावा, असं ते स्पष्टीकरण आहे.

जबडा आणि मार यांचा इतका निकटचा संबंध कसा लागला असेल? त्यासाठी ऋग्वेद उघडावा. तिथे इंद्र वृत्राला मारतो, आणि पहिल्या मंडलातल्या एका ऋचेत तो आपला गडगडाट वृत्राच्या दोन्ही हनूंवर हाणतो. त्या ऋचेत 'हन्'चं क्रियापद आणि 'हनु' हे नाम शेजारी शेजारी आले आहेत. दहाव्या मंडलात तर इंद्राला थेट विनवणी आहे, की वृत्राच्या हनू फोडून टाक. म्हणजे इंद्र, त्याचा प्रहार आणि फुटलेला जबडा ही जुळणी रामायणाच्या कितीतरी आधी कवींच्या कानात बसली होती. पुढे रामायणात तोच इंद्र, तेच वज्र, आणि मोडलेली हनु अंजनीच्या पोराची. ज्या शब्दाच्या उच्चारात प्रहाराचा अंश शिरला असावा, त्याच शब्दाने बांधलेल्या नावाची गोष्ट पुन्हा प्रहाराचीच निघावी, याहून मोठं नवल मला या सगळ्या प्रकरणात दिसत नाही.

खुलताबादेत हा शब्द आणखी एका वेशात येऊन गेलेला आहे. हे गाव सुफी संतांचं. बुऱ्हानुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे इथे आहेत. दिल्लीचा फारसी कवी अमीर हसन सिज्झी हा निजामुद्दीन औलियांचा शिष्य. त्यांचे संवाद त्याने 'फवाइदुल फुआद'मध्ये टिपून ठेवले. मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसं दौलताबादेत आणली, त्यांत तोही आला, आणि चौदाव्या शतकात इथेच मातीआड झाला. या लोकांची साहित्यभाषा फारसी होती.

फारसीचा एक नियम आहे. संस्कृत 'ज' आणि संस्कृत 'ह' हे दोन्ही बऱ्याच शब्दांत फारसीत एकाच ध्वनीला जाऊन मिळतात. आपल्या 'जमीन'मधल्या 'ज'च्या जवळचा तो ध्वनी. संस्कृत जानु, फारसी जानू. अर्थ दोन्हीकडे गुडघा. संस्कृत हिरण्य, फारसी जर. पैठणीच्या जरीकाठातलं सोनं ते हेच. संस्कृत हिम, आणि फारसीत हिवाळा म्हणजे जमिस्तान. मग हनूचं काय? फारसीत हनुवटीला 'जनख' किंवा 'जनखदान' म्हणतात. हनूचा मूळचा 'ज' असो की 'ह', फारसीत दोन्हींचं उत्तर एकच येतं. फारसी गझलेत प्रेयसीच्या हनुवटीवरची खळी ही ठरलेली प्रतिमा आहे: जनखदानाची विहीर, जिच्यात आशिकाचं मन पडतं आणि वर येत नाही. हाफिजच्या गझलांत ती विहीर आहे. एकाच गावात मारुतीच्या देवळात 'हनु' आणि दर्ग्यांच्या अंगणात म्हटल्या जाणाऱ्या फारसी कवितेच्या भाषेत 'जनख'. दोन्ही एकाच आजीची नातवंडं.

हे नातं त्या काळी कुणाच्या ध्यानात आलं होतं का? आलं होतं. दिल्लीत सिराजुद्दीन अली खान आरजू यांनी, जे १७५६ साली वारले, आपल्या 'मुस्मिर' या ग्रंथात फारसी आणि संस्कृत शब्दांच्या मेळाची चर्चा केली आहे. त्यांचे समकालीन गुलाम अली आझाद बिलग्रामी हे तेव्हाच्या औरंगाबादेत स्थायिक झालेले मोठे पंडित. भारतीय अलंकारशास्त्र आणि नायिकाभेद त्यांनी अरबी आणि फारसी वाचकांना समजावून दिला. १७८६ साली ते वारले. त्यांची कबर खुलताबादेत आहे. त्याच १७८६ च्या २ फेब्रुवारीला कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून आल्या असाव्यात, असं भाषण केलं आणि भाषांच्या तुलनेचं शास्त्र पुढे उभं राहिलं. १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मुंबईत विल्सन व्याख्यानमालेत संस्कृतपासून मराठीपर्यंतचा ध्वनींचा प्रवास याच शास्त्राने उलगडून दाखवला. 'हनु' ते 'हनुवटी' हा टप्पा त्याच वाटेवरचा आहे.

आता दवाखान्यात जाऊ, कारण डॉक्टरांच्या भाषेत हा शब्द अजून कामावर आहे. ग्रीक 'गेनुस'वरून हनुवटीला 'गेनिऑन' झालं, आणि त्यावरून शरीरशास्त्रात 'जेनिओ'ने सुरू होणारी नावं आली. जेनिओग्लॉसस म्हणजे हनुवटीच्या हाडाच्या आतल्या अंगाला उगम पावून जिभेत पसरणारा स्नायू. आपण जीभ बाहेर काढतो ती याच्या जोरावर. बेशुद्ध माणूस उताणा पडला, की हा स्नायू सैल पडतो, जीभ मागे ढळते आणि श्वासाची वाट बुजते. अशा वेळी भूलतज्ज्ञ दोन्ही कानांखालचे जबड्याचे कोन धरून जबडा पुढे उचलतात. जीभ हनुवटीच्या हाडाला बांधलेली असल्यामुळे ती आपोआप पुढे येते आणि श्वास मोकळा होतो. हनुवटी सुधारण्याच्या शस्त्रक्रियेला जेनिओप्लास्टी म्हणतात, त्यातला 'जेनिओ'ही हाच.

खालच्या ओठाकडे जाणाऱ्या एका मज्जातंतूला मात्र डॉक्टर 'मेंटल नर्व्ह' म्हणतात. रुग्ण ते नाव ऐकून दचकतो. त्याचा मनाशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये हनुवटीला 'मेंटुम' म्हणतात आणि मनाला 'मेन्स'. दोन वेगळे शब्द विशेषण होताना एकसारखे झाले. दाताच्या डॉक्टरांनी तिथे भूल दिली, की खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते ती या तंतूमुळे. खालच्या जबड्याच्या हाडाचं नाव मँडिबल हे चावणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलं. मराठी परिभाषेत आपण त्या हाडाला अधोहनू म्हणतो, म्हणजे परिभाषा करणाऱ्यांनी हनूला पुन्हा तिची जुनी, संस्कृतातली जागा दिली.

ती जागा किती अचूक होती, हे खुलताबादहून चारेक किलोमीटरवर वेरूळला गेलं की दिसतं. कैलास लेण्याच्या दक्षिण भिंतीवर रामायणाचा शिल्पपट आहे, त्यात हनुमंत आहे, सेतू बांधणारी वानरसेना आहे. बाहेर झाडांवर काळ्या तोंडाची खरीखुरी वानरं बसलेली असतात. त्यांच्यातल्या एखाद्याकडे बाजूने बघा. ओठांपासून गळ्याकडे चेहरा सरळ मागे उतरत जातो. पुढे आलेलं टोक नाही. वानराला जबडा भक्कम आहे, हनुवटी नाही. माकडाला नाही, चिंपांझीला नाही, निअँडरथल मानवालाही नव्हती. पुढे आलेली हाडाची खरी हनुवटी ही आजच्या मानवजातीची खूण आहे. माणसाचा चेहरा लहान होत गेला, दातांची कमान आत सरली आणि जबड्याची खालची कड पुढे राहिली, असं त्याचं एक प्रमुख स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे जबडा या जुन्या अर्थाने 'हनु' हे वानराच्या अंगाला बरोबर लागू पडणारं नाव आहे, आणि मराठीने ज्याला हनुवटी म्हटलं ते फक्त माणसापाशी आहे.

भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचं मूळ पाचेक हजार वर्षं मागे नेतात. तिथून तो निघाला आणि वेल्समध्ये 'गेन' झाला, जबडा किंवा हनुवटी. जुन्या आयरिशमध्ये 'गिन' झाला, तोंड. आइसलँडमध्ये 'किन' आहे, गाल. ग्रीसमध्ये जबडा, रोममध्ये गाल, इंग्लंडमध्ये आणि इराणमध्ये हनुवटी, वेदांत जबडा, महाराष्ट्रात पुन्हा हनुवटी. उच्चार इतका बदलला, की भावंडं एकमेकांना ओळखणार नाहीत. समुद्र ओलांडले, साम्राज्यं आली गेली, धर्म बदलले. आणि एवढ्या प्रवासात त्याचा अर्थ हलला तो फक्त कानापासून हनुवटीपर्यंत, जेमतेम वीतभर.